फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरावा लागतोय? आधी हे तपासा

फ्रिज थंड करत नाही म्हटलं की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं: ‘गॅस संपला असेल.’ मेकॅनिकही पुष्कळदा मान डोलावतो, गॅस भरतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. रत्नागिरीच्या किनारपट्टीला मी फ्रिजदुरुस्ती करतो. हा एकच प्रकार इतक्या घरांत निस्तरलाय की तो एकदा सविस्तर लिहून ठेवायला हवा.

मूळ मुद्दा असा की फ्रिजचा गॅस वापरून संपत नाही. बंद नळीत तोच तो गॅस फिरत राहतो. कंप्रेसर त्याला दाबतो. मागच्या किंवा बाजूच्या नळ्यांत तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो, फिल्टरमधून जातो आणि आतून जेमतेम पाऊण मिलिमीटर असलेल्या कॅपिलरी नावाच्या बारीक नळीत शिरतो. पलीकडे फ्रीझरमध्ये दाब एकदम उतरतो, गॅस उकळतो, उकळताना आतली उष्णता ओढून घेतो आणि परत कंप्रेसरकडे येतो. कुठे भोक पडलं नाही तर हाच गॅस १५-२० वर्षं चालतो. म्हणजे गॅस कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळलाय, आणि गळला नसेल तर बिघाड दुसरीकडे आहे. दोन्ही वेळा नुसता गॅस भरून काही साधत नाही.

आधी लक्षणं

फ्रिज उघडून, कान लावून, हात लावून पाच-दहा मिनिटं बघितलं तर अर्धा अंदाज तिथेच येतो.

फ्रीझरमध्ये बर्फ होतोय पण खालच्या कप्प्यात दूध नासतंय: दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री (बर्फ आपोआप वितळवणाऱ्या) फ्रिजमध्ये हे दिसलं तर गॅसवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. थंडी तयार होतेय, ती खाली पोचत नाहीये. फॅन बंद पडलेला असतो किंवा हवेची वाट बर्फाने बुजलेली असते.

दोन्ही कप्पे गरम, मागून दर काही मिनिटांनी ‘टक्’ असा आवाज आणि त्याआधी क्षणभर घरघर: कंप्रेसर सुरू व्हायची धडपड करतोय आणि ओव्हरलोड, म्हणजे कंप्रेसर तापला की वीज तोडणारा छोटा स्विच, त्याची लाईन तोडतोय. हे दुखणं व्होल्टेजचं, रिलेचं (कंप्रेसर सुरू करून देणाऱ्या भागाचं) किंवा खुद्द कंप्रेसरचं.

कंप्रेसर अखंड चालू, फ्रीझर नुसताच गारसर, मागची नळ्यांची जाळी हाताला थंड: इथे गॅस गेल्याची शक्यता खरी आहे. कंप्रेसर आतून अशक्त झाला तरी चित्र असंच दिसतं.

एका दाराच्या फ्रिजमध्ये नळी जिथून फ्रीझरमध्ये येते तिथेच चार बोटं घट्ट बर्फ, बाकीचा पत्रा कोरडा: गॅस कमी पडतोय किंवा कॅपिलरी अर्धवट चोक झालीय, म्हणजे तुंबलीय.

काही तास मस्त थंड, मग थंडी बंद, फ्रिज बंद करून ठेवला की पुन्हा काही तास मस्त: एका दाराच्या फ्रिजला हे होत असेल आणि आधी कधी गॅस भरून झाला असेल, तर नळीत ओल शिरलीय. कॅपिलरीच्या तोंडाशी त्या पाण्याचा बर्फ होऊन बूच बसतं. फ्रिज बंद केला की बूच वितळतं आणि सगळं सुरळीत वाटतं.

कंप्रेसरकडे परत येणाऱ्या जाड नळीवर बाहेरून बर्फ: बहुतेक वेळा गॅस जास्त भरला गेलाय. ‘थोडा जास्तच भरा, म्हणजे लवकर थंड होईल’ असं लोक सांगतात. ते ऐकून कुणी भरला तर फ्रीझरमध्ये न उकळलेला द्रव कंप्रेसरपर्यंत येतो आणि त्याचे व्हॉल्व्ह खराब करतो.

बिनखर्चाच्या तपासण्या

पहिल्यांदा नॉब बघा. आतलं पुसताना, भांडी कोंबताना तो फिरतो. डिजिटल पॅनेल असेल तर सुट्टीचा मोड चुकून लागलेला नाही ना, ते बघा.

मग खरं तापमान मोजा. साधा थर्मामीटर पाण्याच्या ग्लासात बुडवून मधल्या फळीवर रात्रभर ठेवायचा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचायचा. ग्लासात यासाठी, की दार उघडताच आतली हवा बदलते, पाणी लगेच बदलत नाही. खालच्या कप्प्यात ३ ते ५ अंश आणि फ्रीझरमध्ये उणे १८च्या आसपास असेल तर तुमचा फ्रिज ठीक आहे. मे महिन्यात बाहेरून आलेल्या माणसाच्या हाताला काहीच पुरेसं गार लागत नाही. निव्वळ तेवढ्यावरून गॅस भरून घेतलेली घरं मी बघितली आहेत.

त्याच महिन्यात घरात पाहुणे असतात. पाण्याच्या बाटल्या दर तासाला भरून आत जातात, रसाची पातेली जातात, दार मिटायला उसंत नसते. फ्रिज गरम वस्तू झटपट गार करायला बनवलेला नाही, गार वस्तू गार ठेवायला बनवलेला आहे. अशा वेळी कंप्रेसर दिवसभर चालला तर तो बिघाड नव्हे. गर्दी ओसरल्यावर दोन दिवस बघा आणि मग ठरवा. फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये मागच्या भिंतीवर हवेची भोकं असतात. त्यांना चिकटून पातेलं किंवा पिशवी ठेवलेली असेल तर ती हलवा.

फ्रिजच्या मागे भिंत किती लांब आहे? १० सेंटिमीटर तरी मोकळी जागा हवी. जुन्या फ्रिजला मागे काळी जाळी असते. प्लग काढून ती कोरड्या ब्रशने झाडा. आत ओढलेली उष्णता तिथूनच बाहेर पडते, आणि धूळ-तेलाचा थर बसला की ती नळीतच कोंडते. नव्या फ्रिजमध्ये जाळी दिसत नाही, कारण नळ्या बाजूच्या पत्र्याच्या आत असतात. म्हणून बाजू तापतात. हे बरोबर आहे, घाबरू नका. उलट, बाजूला स्क्रू मारून हुक किंवा फळी लावू नका. स्क्रू थेट नळीत जातो.

आता दाराचं रबर. दारात नोट अडकवून दार लावा आणि नोट ओढा. सहज सुटून आली तर रबर तिथे बसत नाही. चारही बाजूंनी हे करा, बिजागरीकडची बाजू विसरू नका. आमच्याकडे दमट हवेत रबराच्या घडीत काळी बुरशी धरते आणि रबर कडक होतं. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश घेऊन घडी साफ केली की बरीच रबरं पुन्हा बसतात. फाटलेलं मात्र बदलायचंच. फटीतून बाहेरची दमट हवा आत येत राहते, फ्रीझरवर बर्फ चढत राहतो आणि बर्फाचा जाड थर थंडीलाच अडवतो.

बर्फ, सुरी आणि चोवीस तास

एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर पाच-सहा मिलिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि थांबा. बर्फ सुरीने, स्क्रूड्रायव्हरने किंवा उलथन्याने खरवडू नका. फ्रीझरचा तो पत्रा दोन पातळ ॲल्युमिनियमचे थर चिकटवून केलेला असतो, आणि गॅसची वाट त्या दोन थरांच्या मधूनच जाते. टोक थोडं जरी आत गेलं तरी ‘फुस्स’ होतं. माझ्याकडे आलेल्या खऱ्या गॅसगळतीत सुरीने पाडलेलं भोक हे फार मोठं कारण आहे.

तसा आवाज कधी आलाच तर लगेच पुढचं करा. फ्रिजचं दार उघडं टाका, खिडक्या उघडा, शेगडी बंद करा, आणि स्वयंपाकघरातलं कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका. फ्रिजचा प्लगही तिथल्या तिथे ओढू नका. मेन स्विच दुसऱ्या खोलीत असेल तर तिथून लाईट बंद करा. कारण पुढे सांगतो.

फ्रॉस्ट फ्री फ्रिजसाठी एक फुकटची आणि फार बोलकी तपासणी आहे. सगळं सामान काढा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा आणि २४ तास तसाच राहू द्या. खाली फडकी घाला, पाणी येतं. दुसऱ्या दिवशी लावा. खालचा कप्पा आता छान गार झाला आणि आठवड्याभरात पुन्हा गरम व्हायला लागला, तर गॅस शाबूत आहे. दार उघडं ठेवून गळलेला गॅस परत येत नाही. फक्त बर्फ गेला, एवढंच झालं. म्हणजे तो बर्फ नियमित वितळवणारी यंत्रणा बंद आहे: हीटर, बायमेटल, थर्मल फ्यूज, टायमर किंवा सेन्सर यांपैकी काहीतरी. हे भाग नळीला हात न लावता बदलता येतात. अशा फ्रिजमध्ये कुणी गॅस भरायला निघालं तर नको म्हणा.

फॅनचीही खात्री करून घ्या. दार उघडलं की बहुतेक फ्रिजमध्ये तो थांबतो, म्हणून दाराच्या चौकटीतलं बटण बोटाने दाबून धरा आणि ऐका. कंप्रेसर चालू असूनही वरून वाऱ्याचा आवाज येत नसेल तर फॅन किंवा त्याच्यासमोर साचलेला बर्फ बघायला हवा.

विजेकडे बघा

पावसाळ्यात आमच्या भागात लाईट येते-जाते, आणि येते तेव्हा व्होल्टेज पडलेलं असतं. २३० व्होल्टवर चालणारा साधा कंप्रेसर १७०-१८० वर अडखळतो. घरघर होते, सुरू होत नाही, तापतो, ओव्हरलोड तोडतो. असं दिवसभर चाललं तर मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतली तारांची गुंडाळी, जळतं. संध्याकाळी, सगळ्यांचे पंखे-टीव्ही सुरू असताना, मल्टिमीटरने सॉकेटवर व्होल्टेज मोजून घ्या. तुम्हाला जमत नसेल तर वायरमनला सांगा. स्वस्तातल्या एक्स्टेन्शन बोर्डवर फ्रिज लावलेला असेल तर तो आधी भिंतीच्या सॉकेटवर आणा. सैल पिनेत चालू व्हायच्या क्षणी व्होल्टेज आणखी पडतं.

लाईट गेली आणि लगेच आली तर साध्या कंप्रेसरला पाच मिनिटं थांबू द्यावं लागतं. नळीत एका बाजूला जास्त दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला कमी. तो सारखा झाल्याशिवाय मोटर उठत नाही. वेळ धरून चालू करणारा स्टॅबिलायझर याचसाठी असतो.

कंप्रेसरच्या कुशीला काळं प्लॅस्टिकचं झाकण असतं. त्यात रिले आणि ओव्हरलोड. मल्टिमीटर हाताळायची सवय असेल तरच, आणि प्लग काढूनच, इथवर या. रिले ओढून काढला आणि कानाशी हलवला की आत खुळखुळ वाजला तर आतली चकती फुटलीय. रिले-ओव्हरलोडची ही जोडी काहीशे रुपयांत येते, आणि ‘कंप्रेसर गेला’ म्हणून सांगितलेले कितीतरी फ्रिज याच्यावर सुरू होतात. कंप्रेसरच्या तीन पिनांपैकी कुठल्याही पिनेपासून त्याच्या अंगापर्यंत मीटर वाजलं तर वाइंडिंग अर्थ झालंय, म्हणजे वीज कंप्रेसरच्या अंगात उतरतेय. झाकण लावून ठेवा, तो फ्रिज पुन्हा चालू करू नका.

इन्व्हर्टर फ्रिज (कंप्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) असेल तर ही तपासणी घरी करूच नका. त्याच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर वीज साठते आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तशीच राहते.

घरातल्या माणसाने थांबायची जागा हीच

यापुढे नळी कापणं, गॅस सोडणं, जोड लावणं, गॅस भरणं ही कामं येतात. मोबाईलवर बघून, ऑनलाइन गॅसचा डबा मागवून हे करू नका. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा ट्रेड आहे तो उगाच नाही. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीच्याच माणसाला बोलवा. बाहेरच्याने नळी उघडली की वॉरंटीवरून वाद होतो.

‘फुस्स’ झाल्यावर बटणाला हात का लावायचा नाही, त्याचं कारण सांगतो म्हटलं होतं. फ्रिजच्या आत किंवा कंप्रेसरवर स्टिकर असतं. त्यावर गॅसचं नाव आणि वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ होता. ओझोनच्या थराला तो घातक, म्हणून १९८७च्या माँट्रियल करारानंतर टप्प्याटप्प्याने जगभर बंद झाला आणि भारतातही २०१०पासून त्याचं उत्पादन नाही. त्याच्या जागी आर-१३४ए आला. हा पेटत नाही, पण हवेत सोडला तर एक किलो आर-१३४ए १०० वर्षांत साधारण १,४०० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ करतो. आता घरगुती फ्रिजमध्ये मुख्यतः आर-६००ए येतो, म्हणजे आयसोब्युटेन. वातावरणाला तो जवळपास निरुपद्रवी आहे. मात्र तो पेटतो. कंप्रेसरवर पिवळ्या त्रिकोणात ज्वाळेचं चित्र असेल तर हाच.

तो असतो थोडासाच. ५० ग्रॅम आर-६००ए द्रव करून ओतला तर कटिंग चहाच्या ग्लासात मावेल. पण वायू झाला की तोच साधारण २० लिटर होतो. हवेत तो २ टक्क्यांच्या आसपास झाला की ठिणगीने पेट घेऊ शकतो, आणि २०० लिटरच्या बंद फ्रिजमध्ये २० लिटर म्हणजे किती झाले ते बघा. घरच्या सिलिंडरसारखा वास याला घातलेला नसतो, म्हणून गळला तरी नाकाला कळत नाही. हवेपेक्षा दुप्पट जड असल्याने जमिनीलगत साचतो. बटणाला हात लावू नका म्हणालो ते यासाठी.

आणि कृपा करून घरच्या सिलिंडरचा गॅस फ्रिजमध्ये भरू देऊ नका. खेडोपाडी हे सर्रास चालतं, ‘तोच गॅस आहे’ म्हणून. तो तोच नाही. त्यात प्रोपेन असतो, त्यामुळे दाब वेगळा. शिवाय वासाचं रसायन आणि ओल असते. मोठा धोका वेगळाच आहे. आर-६००ए साठी बनवलेल्या फ्रिजमध्ये थर्मोस्टॅट आणि दिव्याचं बटण ठिणगी बाहेर पडणार नाही असं असतं. आर-१३४एच्या फ्रिजमध्ये तसं नसतं. तिथे पेटणारा गॅस भरला आणि तो आत गळला, तर दार उघडताना दिव्याचं बटणच ठिणगी देईल. याच कारणाने आर-१३४एच्या फ्रिजमध्ये आर-६००ए सुद्धा भरायचा नाही. त्याला कंप्रेसरही वेगळा लागतो.

मेकॅनिककडून काम कसं करून घ्यायचं

मेकॅनिक नळी कापण्याआधी त्याला फिल्टरला हात लावायला सांगा, किंवा फ्रिज चालू असताना स्वतः लावून बघा. फिल्टर म्हणजे जाळी संपते आणि कॅपिलरी सुरू होते तिथली पेन्सिलीएवढी तांब्याची नळकांडी. ती कोमट असायला हवी. ती थंड असेल, तिच्यावर दव धरलं असेल, तर आतच चोक आहे आणि गॅस उकळायला तिथेच सुरुवात करतोय. हे चोकचं लक्षण आहे, गळतीचं नव्हे. अशा फ्रिजमध्ये वरून गॅस ढकलला तर दाब वाढतो, थंडी वाढत नाही.

‘थोडासा वरून टाकतो’ हे ऐकलं की थांबवा. आत किती उरलाय हे कुणालाच माहीत नसतं. ५० ग्रॅमच्या फ्रिजमध्ये पाच ग्रॅम इकडेतिकडे झाले की दहावा हिस्सा चुकला. उरलेला सगळा काढून, मोजून नव्याने भरणं हाच एक मार्ग आहे. आर-१३४ए असेल तर तो हवेत न सोडता रिकव्हरी सिलिंडरमध्ये घेतात. आर-६००ए असेल तर लांब पाइप लावून घराबाहेर मोकळ्यावर सोडतात, जवळपास शेगडी, देवापुढचा दिवा, उदबत्ती काही नको. मग नळीतून नायट्रोजन फिरवतात. हे होईपर्यंत नळी जोडायची गॅसची टॉर्च पेटवायची नाही, नळी कटरने कापायची. काहीजण आर-६००एच्या कामात टॉर्चच टाळतात आणि दाबून बसवायचे जोड वापरतात. मला तीच पद्धत योग्य वाटते.

यानंतरचं काम म्हणजे गळती शोधणं. सगळ्यात जास्त वेळ त्याला लागतो आणि नेमकं तेच गाळलं जातं. कोरडा नायट्रोजन साधारण १० बारपर्यंत भरून प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि दाब मोजणारा काटा उतरतोय का ते बघत थांबायचं. हे नायट्रोजननेच करायचं. ऑक्सिजनचं सिलिंडर हाताशी आहे म्हणून त्याने दाब देणारे महाभाग आहेत. कंप्रेसरमधलं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. असं कुणी करताना दिसला तर काम तिथेच थांबवा आणि घरातली माणसं बाहेर काढा.

आर-६००एच्या फ्रिजमध्ये इथे एक खाच आहे. फ्रिज चालू असताना त्याच्या फ्रीझरकडच्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो, काटा शून्याच्या खाली जातो. म्हणून तिथे भोक असेल तर गॅस बाहेर येत नाही, उलट हवा आणि तिच्यातली ओल आत जाते. चालू फ्रिजवर फेस लावला तर बुडबुडा येणारच नाही आणि मेकॅनिक म्हणेल, ‘लीक नाही.’ अशा फ्रिजची जाळी नेहमीपेक्षा जास्त तापते, कंप्रेसर तापतो, आणि तरी फ्रीझर गार होत नाही. म्हणून शोध बंद फ्रिजवर, नायट्रोजनच्या दाबाखाली.

कुठे सापडते गळती? तांबं आणि ॲल्युमिनियम जोडलेल्या ठिकाणी पुष्कळदा. फ्रीझरच्या पत्र्यात, सुरीमुळे. आणि किनाऱ्यालगत एक तिसरी जागा: दाराच्या चौकटीतून फिरणारी गरम नळी. चौकटीवर दव धरू नये म्हणून ती तिथे असते, आणि पुष्कळ फ्रिजमध्ये ती लोखंडी असते. खाऱ्या दमट हवेत ती पत्र्यामागे गंजते. बाहेरून काहीच दिसत नाही, फार तर खालच्या कोपऱ्यात तेलकट डाग. गॅसबरोबर कंप्रेसरचं थोडं तेल फिरतं, त्यामुळे तेलाचा ओला डाग ही गळतीची जवळजवळ सही असते. ‘दरवर्षी गॅस भरतो’ म्हणणाऱ्या कित्येक घरांत मला हीच नळी फुटलेली मिळाली. ती तोडून बाजूला काढता येते. मग पावसाळ्यात चौकट जरा घामेजते, पण फ्रिज चालतो. बाजूच्या पत्र्यातली नळी गेली असेल तर मागे बाहेरून नवी जाळी बसवतात.

गळती मिटली की नवा फिल्टर. नळी उघडली म्हणजे फिल्टर बदललाच पाहिजे, कारण आतले ओल शोषणारे दाणे हवा लागताच भरतात. जुना फिल्टर ठेवून केलेलं काम पुन्हा चोक होतं. मग व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओल ओढून काढणं, वेगळ्या पंपाने, किमान अर्धा तास. पंप बंद केल्यावर काटा जागेवर राहायला हवा. फ्रिजच्याच कंप्रेसरला चालवून हवा ओढणं म्हणजे व्हॅक्यूम नव्हे. तेवढ्याने ओल निघत नाही, कंप्रेसर मात्र तापतो. वर सांगितलेलं ‘काही तास चालतो, मग बंद’ हे दुखणं इथूनच येतं. आर-१३४एच्या कंप्रेसरमधलं तेल हवेतली ओल फार झपाट्याने ओढतं, म्हणून तिथे नळी उघडी ठेवून जेवायला जाणंही महागात पडतं.

शेवटी गॅस, इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर, स्टिकरवरच्या ग्रॅमइतका. नुसता दाबाचा काटा बघून आर-६००ए नीट भरता येत नाही. भरून झालं की गॅस भरायची नळी दाबून, कायमची बंद करायची. झडप लावून ठेवली तर पुढची गळती बहुधा तीच देते. भरलेला गॅस, वजन आणि तारीख मार्करने मागे लिहून घ्या. फ्रिज रिकामाच लावा आणि सामान दुसऱ्या दिवशी, ग्लासातल्या थर्मामीटरने आकडा दिल्यावर भरा.

या सगळ्याचा खर्च काही हजारांत जातो आणि काम अर्धा दिवस खातं. तासाभरात, पंप-काटा-नायट्रोजन काही न आणता, निम्म्या पैशात करून देतो म्हणणारा माणूस गळती शोधणार नाही हे उघड आहे.

कधी दुरुस्त करू नये तेही सांगतो. कंप्रेसर अर्थ झालाय आणि फ्रिज १२-१५ वर्षांचा आहे. गळती फोमच्या आत आहे आणि बाहेरून वळवता येत नाही. पत्रा खालून गंजून गळायला लागलाय. हात लावल्यावर झिणझिण्या येतात आणि घराचं अर्थिंग तपासूनही जात नाहीत. अशा वेळी पैसे नव्या फ्रिजकडे वळवा. जुना भंगारवाल्याला देऊ नका, तो नळी कुऱ्हाडीने तोडतो. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत फ्रिज येतो, त्यामुळे नवा घेताना दुकानदाराला जुना अधिकृत ई-कचरा केंद्राकडे जाईल का, ते विचारा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा ‘गॅस भरायचाय’ असं सांगू नका. वरचा कप्पा कसा, खालचा कसा, कंप्रेसर चालू आहे की टक् टक् करतोय, जाळी किंवा बाजू गरम लागते की नाही, आधी गॅस कधी भरला होता, हे सांगा आणि स्टिकरचा फोटो पाठवा. म्हणजे तो योग्य गॅस, फिल्टर आणि नायट्रोजन घेऊनच घरातून निघेल.